स्वामी एकदाही बोलत नाहीत

"काकू, स्वामी एकदाही बोलत नाहीत. लक्षात आलं का तुमच्या?"

वल्लरी असं म्हणाली तेव्हा मी चहासाठी वेलदोडे सोलत होते. एक दाणा हातातून निसटून सोफ्याखाली गेला आणि तो उचलायला मी वाकले नाही. घडलं ते एवढंच. मंगळवारी दुपारी आमच्या हॉलमध्ये वाचन असतं. सासूबाई अंथरुणाला खिळल्यापासून मला घर सोडून फारसं जाता येत नाही, म्हणून तळमजल्यावरची रुपाली, दुसऱ्या मजल्यावर नवी सून होऊन आलेली वल्लरी आणि समोरच्या इमारतीतल्या दोघीतिघी माझ्याकडेच येतात. पोथी वाचून माझ्या वाचण्याला एक वळण पडलंय, तेव्हा वाचायचं मी आणि वाद घालायचा त्यांनी, असं आपोआप ठरून गेलंय. या खेपेला शंभरेक वर्षांपूर्वीची एक गाजलेली कादंबरी घेतली होती. गोष्ट एका इनामदारीणबाईंची. नवरा गेलेला, पदरात सावत्र मुलगी, मोठा बारदाना, आणि गावाबाहेरच्या डोंगरावर गुहेत एक स्वामी. बाईंची स्वामींवर अपार निष्ठा. बायकांनी तो डोंगर चढायचा नाही अशी चाल, म्हणून कारभारी वर जातो आणि स्वामींची आज्ञा घेऊन खाली येतो. आधी आज्ञा येते, बाईंनी गोड सोडावं. मग पायातलं सोडावं. मग किल्ल्या सोडाव्यात. मग सावत्र मुलगी कारभाऱ्याच्या उतारवयातल्या मेहुण्याला द्यावी. दरवेळी बाई डोंगराकडे तोंड करून हात जोडते, "आज्ञा" म्हणते आणि एकेक गोष्ट सोडत जाते.

"मी काल परत सगळं चाळलं," वल्लरी मोबाइलवर बोट सरकवत म्हणाली. "स्वामींचं एकही वाक्य अवतरणचिन्हात नाहीये. बाईचं आहे, मुलीचं आहे, स्वयंपाकिणीचं आहे, गड्याचंपण आहे. स्वामींचं फक्त 'स्वामी म्हणाले की'. आणि हे सांगतंय कोण? कारभारी."

"मग काय, बाई येडीच आहे," रुपाली म्हणाली. "मी असते ना, तर चाल गेली खड्ड्यात, सरळ वर गेले असते. म्हटलं असतं, काय हो महाराज, माझ्या चपलांनी तुमचं काय घोडं मारलंय?"

आतल्या खोलीतून आईंचा आवाज आला. सासूबाईंना मी आईच म्हणते. पडल्यापडल्या त्या सगळं ऐकत असतात. "तुला गुहेत घेतलंच नसतं गं. केवढा सेंट मारतेस!"

सगळ्या हसल्या. मीही हसले. मग म्हणाले, "बाई येडी नाहीये." पण माझा आवाज मुळात हळू, त्यात हसणं चाललेलं, तेव्हा ते कुणाला ऐकू गेलं नसावं.

आणि ती येडी नाहीच. दुधात पाणी घातलेलं ती नुसतं बोट बुडवून ओळखते. गडी खोटं बोलायला लागला की त्याच्या तोंडाकडे न बघता पायांकडे बघते, कारण पाय खोटं बोलत नाहीत. नवऱ्याच्या नात्यातून आलेल्या माणसाचा डाव ती जेवणाच्या पंगतीतच ओळखते. नजर सगळीकडे जाते, एका दिशेला मात्र जात नाही, आणि हे भोळेपणाने होतं असं मला वाटत नाही. तिकडे बघणं तिच्या लेखी वाईट रीत आहे. आपण नैवेद्य करतो तेव्हा चव बघत नाही. मीठ अंदाजाने घालतो, वाससुद्धा घ्यायचा नाही म्हणून तोंड जरा बाजूला करतो. पुढे हाताला सवय होते आणि नैवेद्य बहुतेक वेळा चांगलाच होतो. एखाद्या दिवशी मीठ दोनदा पडतं, पण देव तक्रार करत नाही आणि प्रसाद म्हणून खाणाराही करत नाही. खारट प्रसाद सगळे डोळे मिटून गिळतात. बाईचं तसंच असणार. वरून आलेला निरोप तिने दोन्ही हातांची ओंजळ करून घेतला. ओंजळीत घेतलेलं कुणी चाखून बघत नाही. कारभाऱ्याला एवढंच ठाऊक होतं. त्याला फार हुशार असायची गरजच पडली नाही. स्वयंपाकीण, गडी, ती सावत्र मुलगी, सगळ्यांच्या ओंजळी बाईनेच त्याच्यापुढे धरून ठेवल्या होत्या. हे सगळं मला त्यांना सांगायचं होतं. सांगितलं नाही. चहा गाळला, सगळ्यांना दिला आणि शेवटचं प्रकरण वाचायला घेतलं, तर एक वाक्य माझ्याकडून दोनदा वाचलं गेलं. साधंच वाक्य होतं: कारभारी म्हणाला, की स्वामींनी सांगितलं आहे. पाणी प्यायले आणि पुढे गेले.

माझे नेम तसे साधे आहेत. अंघोळीनंतर तुळशीला पाणी, मग जप, सोमवारी एकभुक्त, एकादशी निर्जळ नाही तरी फळांवर, आणि गुरुवारी दिवेलागणीपर्यंत मौन. बाकीचे नेम माहेराहून आणि सासरहून आले. मौन माईंनी दिलं. माईंनी दिलं असं मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगत आलेय. कल्याणला खाडीच्या अंगाला एका बैठ्या चाळीत माई राहतात. गुरुवारी लोक दर्शनाला येतात. माई चटईवर बसून तांदूळ निवडत असतात आणि निवडता निवडताच प्रत्येकाचं ऐकतात. कुणाकडून काही घेत नाहीत. हे होते तेव्हा आम्ही दोघं जायचो. हे गेले, पाठोपाठ आई न्हाणीघरात पडल्या, आणि माझं जाणं सुटलं. तेव्हापासून माझे धाकटे दीर, रवींद्रभावोजी, ठाण्याहून दर गुरुवारी कल्याणला जातात आणि तिथून परस्पर आमच्याकडे डोंबिवलीला येतात. सोबत माईंचा प्रसाद असतो आणि निरोप. माणूस वाईट नाही. आईंसाठी मऊ बघून पेरू आणतात, गेलेली ट्यूबलाइट स्टुलावर चढून बदलून देतात. ते गुरुवारी येतात, कारण दर्शन गुरुवारी. मी गुरुवारी बोलत नाही, कारण तो गुरूचा वार. हे दोन्ही गुरुवार एकच आहेत हे इतक्या वर्षांत माझ्या मनात आलं नव्हतं. आता ताटावर बसले तरी तेच येत होतं. यांचं पुस्तकांचं कपाट खाली भंगारवाल्याकडे गेलं ते गुरुवारी. आईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन 'या वयात कशाला' म्हणून राहिलं तेही. त्या वेळी मी जवळ पाटी ठेवत असे, आणि आईंच्या डोळ्यांचं बोलणं निघालं तेव्हा पाटीवर 'करू या' असं लिहिलंही होतं. पुढच्या गुरुवारी भावोजींनी प्रसादाच्या पुडीबरोबर निरोप आणला, माई म्हणाल्या की पाटीवर लिहिणं म्हणजे हाताने बोलणंच झालं, वहिनींनी आता काष्ठमौन धरावं. काष्ठमौन म्हणजे लाकडासारखं. मान हलवायची नाही, हात करायचा नाही, डोळ्यांनीसुद्धा काही सांगायचं नाही. मला तेव्हा आतून फुलून आलं होतं. वाटलं, माईंनी मला वरच्या वर्गात घातलं.

गेल्या गुरुवारी मानपाड्याच्या बाजूने कंपन्यांचा तो कुजक्या बदामासारखा वास यायला लागला, म्हणून माझ्या जावेने, कल्पिताने, सगळ्या खिडक्या लावून घेतल्या आणि पंखा मोठा केला. भावोजी माझ्यासमोर बसले. "वहिनी, शीळफाट्याच्या पुढे एक चांगला वृद्धाश्रम झालाय," ते म्हणाले. "आईला तिथे ठेवू. नर्स आहे, डॉक्टर येतो. तुम्ही एकट्या किती करणार? तुमचंही वय होतंय. आणि आमच्या अद्वयला इथे मानपाड्यातच नोकरी लागलीय, लग्न झालं की तो इकडेच राहायला येईल. पोरं घरात असली की तुम्हालाही सोबत." त्यांनी जरा वाट बघितली. "पुढच्या गुरुवारी गाडी घेऊन येतो. हरकत नाही ना?" मी भिंतीकडे बघत होते. कॅलेंडरच्या खिळ्याभोवती रंगाचा पोपडा निघाला होता, त्याचा आकार बदकासारखा दिसत होता. डोळ्यांनीही बोलायचं नाही, म्हणून बदकावर डोळे ठेवले. "मौनं संमतिलक्षणम्," भावोजी कल्पिताकडे बघून हसले. "अहो, काहीतरीच तुमचं," कल्पिता म्हणाली, पण तीही हसली. "वहिनी, तुम्ही बसा हं. चहा मी टाकते." आतली खोली अगदी शांत होती.

शुक्रवारी सकाळी मी भावोजींना फोन केला. म्हटलं, आईंचं मला करता येतंय. ते म्हणाले, "वहिनी, हे काय माझ्या मनाने करतोय का? माईंच्या कानावर घातलं होतं. माई म्हणाल्या, तिला आता सेवेतून मोकळं करा." मी "बरं" म्हणाले. 'माई म्हणाल्या' यापुढे मला रस्ताच नसतो. असतो तो सरळ भिंतीला जाऊन टेकतो आणि भिंतीला टेकल्यावर बरं वाटतं, हेही खरं. शनिवारी मी आईंची बॅग भरली. गाऊन, पावडर, काळा चष्मा, दातांची डबी. शालीची घडी घालताना रडू आलं नाही. मोकळं व्हायचं असेल तर हळहळ नको, असंही मनाला समजावलं होतं.

मग मंगळवारी वल्लरी तसं बोलली. त्या संध्याकाळी भाकरी थापत असताना मी माईंचा आवाज आठवायला लागले. काष्ठमौन हा शब्द मनात म्हणून बघितला. तो भावोजींच्या आवाजात आला, शब्दाआधी ते घसा खाकरतात त्या खाकरण्यासकट. 'सेवेतून मोकळं करा', तेही खाकरूनच. 'चातुर्मासात माहेरी जाऊ नये', 'देव्हारा पूर्वेला घ्यावा', 'वर्षश्राद्धाला फार माणसं नकोत'. एकेक वाक्य मी कानाशी धरत होते आणि प्रत्येकातून भावोजीच बोलत होते. तव्यावरची भाकरी करपली. दुसरी टाकली. माईंच्या स्वतःच्या आवाजातलं एक वाक्य मात्र सापडलं, पण ते फार मागे, तेरावा झाल्यानंतरच्या गुरुवारी. मी चटईच्या कडेला बसून भडाभडा बोलत होते. दवाखान्यात काय झालं, कोणत्या डॉक्टरांनी काय सांगितलं, स्मशानात लाकडं ओली कशी होती, जेवायला किती पानं झाली, बुंदी उरली ती कुणाला दिली. मला थांबताच येत नव्हतं. माईंनी सूप बाजूला ठेवलं, त्यांच्या हाताला तांदळाची पांढरी भुकटी होती, तोच हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "बोलू नको आता, बाळा. रड." मला रडू आलं नाही. परत येताना गाडीत भावोजी म्हणाले, "वहिनी, माईंनी तुम्हाला मौन दिलं. भाग्य लागतं." आणि मी हात जोडले. 'बोलू नको'च्या पुढे आणखी एक शब्द होता. तो गाडीत बसेपर्यंत कुठे गेला? भावोजींनी गाळला, की त्यांना ऐकूच आला नाही, की मलाच तो नको होता, हे आज कोण सांगणार? त्यांचा तर सख्खा भाऊ गेला होता. त्यांनाही त्या दिवशी रडायचा शब्द नकोच असेल.

कल्याण काही लांब नाही. रुपाली म्हणालीही, "मी बसते आजींजवळ, तुम्ही या जाऊन." मी नको म्हटलं. आमच्या कादंबरीच्या शेवटी इनामदारीणबाई एकदाची डोंगर चढायला निघते, आणि अर्ध्या वाटेवर एका धोंड्यावर बसते. संपली कादंबरी. रुपाली म्हणाली, दमली असणार. वल्लरी म्हणाली, घाबरली. मला वाटतं, तिला वर जाऊन करायचं काय, हेच कळेना. स्वामींनी खरंच तशी आज्ञा केली असेल, तर ते कसले स्वामी? आणि केलीच नसेल, तर मी कसली भक्त, जिने इतकी वर्षं स्वामी कोणते आणि कारभारी कोणता हे ओळखलं नाही? दोन्ही उत्तरं तिला नको होती. पण तिकडे खाली, घरात, मुलीला हळद लागत होती. धोंड्यावर बसलेल्या बाईला हळदीचा वास आला असेल की नाही, त्याबद्दल लेखकाने काही लिहिलेलं नाही. त्या मुलीला काय हवं, हे सगळ्या कादंबरीत कुणीच विचारलेलं नाही. बाईनेसुद्धा नाही. तिचा सगळा वेळ डोंगराकडे बघण्यात गेला.

बुधवारी दुपारी आईंना कुशीवर वळवून पाठीला पावडर लावताना मी विचारलं, "आई, तुम्हाला जायचंय का तिकडे?"

"मला विचारतेस होय?" आई उशीत तोंड ठेवून म्हणाल्या. "मला वाटलं, ठरलं तुमचं. बॅग भरलेली दिसतेय कोपऱ्यात. मला धूसर दिसतं, पण बॅग केवढी आहे!"

"विचारतेय."

"तिथे खिडकी आहे का?"

"माहीत नाही."

"बघ. नेणाऱ्यांना खिडकी माहीत नाही, आणि मी म्हणे आरामात राहणार." मग म्हणाल्या, "मला नाही जायचं, शुभदा. इथे मला घड्याळ लागत नाही. तुझ्या बांगड्या वाजल्या की चहा, रुपाली खाली ओरडली की दुपार. पण तुला झेपत नसेल तर तसं सांग. उगाच माईंच्या नावावर नको घालूस."

"मला झेपतं."

"झेपतं कसलं! गुरुवारी तुझी किती पंचाईत होते, कळतं मला. मी तर गुरुवारी पाणीच कमी पिते. सुनेला हाक मारली की ओ देता येत नाही, मग ती धावत येते, हातवारे तर करायचे नाहीत, नुसती उभी राहते लाकडासारखी. म्हटलं, कशाला तिचा नेम मोडा. दाबून धरते दिवे लागेपर्यंत. आता सवय झाली."

माझा हात त्यांच्या पाठीवर थांबला. पावडर तिथेच गोळा झाली. आईंची पाठ फार लहान झालीय, मधल्या मणक्यांवरची कातडी पातळ, रव्याच्या चाळणीसारखी. लघवीचा त्रास होतो म्हणून डॉक्टर किती वेळा म्हणाले होते, पाणी भरपूर द्या. मी देत होते. पेला भरून उशाशी ठेवत होते. गुरुवारी तो संध्याकाळीही तसाच भरलेला असायचा, आणि मी तो तुळशीत ओतायचे. मला इतकंच दिसायचं की आज आई फार शांत आहेत. मला वाटायचं, माझ्या मौनाची शांतता घरात पसरते.

गुरुवारी पहाटे अंघोळ केली, तुळशीला पाणी घातलं, जपाला बसले. मौनाचा संकल्प मी रोजच्या रीतीने केला की केला नाही, हे मला नीट सांगता येणार नाही. पाणी हातात घेतलं होतं. ते ताम्हनात सोडलं तेव्हा मनात शब्द नव्हते. आईंना चहा दिला, मग पेलाभर पाणी दिलं आणि त्या पूर्ण पिईपर्यंत समोर उभी राहिले. बोलले मात्र नाही. इतक्या वर्षांनी जीभ काही लगेच वळत नाही. भावोजी आणि कल्पिता आले तेव्हा मी दार उघडलं. भावोजींनी पुडी पुढे केली, मी ओंजळ केली. "माईंचा आशीर्वाद आहे," ते म्हणाले. "खाली मोठी गाडी आणलीय, आईला आडवं नेता येईल. तुम्ही त्रास करून घेऊ नका. आज तुम्ही नुसत्या बसा." कल्पिता आत गेली आणि बॅग उचलून बाहेर आली. तिला ती जड गेली. उजव्या खांद्याने जरा झुकून चालत ती दाराशी पोचली, आणि मी बदकाकडे बघतेय हे माझ्या लक्षात आलं.

"आई जाणार नाहीत," मी म्हणाले.

आवाज खरखरीत आला, सकाळपासून न वापरलेला. कल्पिताने बॅग खाली ठेवली. भावोजी माझ्याकडे बघत राहिले, घरात तिसरंच कुणी बोललं असावं तसे.

"वहिनी! आज गुरुवार!"

"हो, गुरुवार आहे. भावोजी, आई जाणार नाहीत. त्यांना इथे राहायचंय, मी विचारलंय त्यांना. अद्वय आणि सूनबाईंना बाहेरची खोली देते, ते येऊ देत. पण आईंची खोली आईंची."

"अहो पण तुमचं काष्ठमौन..."

"मोडलं."

"असं कसं मोडलं? माईंना मी काय सांगू आता?"

"तुम्ही काही सांगू नका. माझं मी जाऊन सांगेन."

भावोजी सोफ्यावर बसले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. कल्पिता त्यांच्याकडे बघत होती आणि ते माझ्याकडे. त्यांचा चेहरा यांच्या चेहऱ्यासारखा दिसतो, विशेषतः हरल्यावर. "वहिनी, मी खोटं नव्हतो हो सांगत," ते हळूच म्हणाले.

"मी तसं म्हटलेलं नाही."

"मग?"

ते खरंही बोलत असतील. प्रसादाची पुडी अजून माझ्या ओंजळीत होती. ती मी देव्हाऱ्यात ठेवली, नमस्कार केला आणि परत येऊन उभी राहिले. तेवढ्यात भावोजींचा फोन वाजला. खाली गाडीवाला ताटकळला होता, त्याचा आवाज मला इथपर्यंत ऐकू येत होता, "साहेब, किती वेळ? इथे मागून हॉर्न मारतायत." भावोजींनी फोन कानाशी धरला आणि माझ्याकडे बघितलं.

"जा म्हणावं त्याला," मी म्हणाले.

भावोजींनी घसा खाकरला. "वहिनी म्हणतायत," ते फोनमध्ये म्हणाले, "की जा."